मापवही

भरतीच्या मैदानावर पट्टी म्हणाली,
आठ मिलिमीटर कमी.
मान ताणून, श्वास धरून उभी होते मी.
मापणाऱ्या बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही.
पुढची, म्हणाल्या.

तर आता डिग्री.
पोलीस प्रशासन, पहिलं वर्ष, टेकडीवरचं विद्यापीठ.
सुभाषनगरात बातमी पसरायला एक दुपार पुरली.
काशीआत्या पायरीवर वेणी सोडत बसलेली,
"पोलीस व्हायला पुस्तक लागतंय व्हय गं?
काठी लागती काठी."
आणि हसली, दात नसलेल्या बाजूनं.

गॅपच्या अ‍ॅफिडेव्हिटला कोर्टाच्या आवारात गेले.
टायपिंगवाले कवाळे विचारतात,
दोन वर्षं काय केलंस?
धावले, म्हटलं. रोज पहाटे पाचला, रंकाळ्याभोवती.
ते न्हाई चालत, म्हणाले,
आणि दोन बोटांनी टाइप केलं:
मी, सुकेशिनी शिवदास सातपुते, घरगुती कारणास्तव.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात कायदा अर्ध्या किमतीला.
कलमांचे आकडे बदललेत, दुकानदार म्हणाला,
गुन्हे तेच हायत. घेऊन जा.

केएमटीचा पास झाला. फोटो झाले, कान दिसतील असे.
एक रकाना तेवढा राहिला:
हा अभ्यासक्रम का निवडला? शंभर शब्दांत.
देशसेवा लिहिलं, खोडलं.
लहानपणापासूनची आवड. खोडलं.
कागद मागून फाटायला आला.

बाबा रापीला धार लावत होते.
मान वर न करताच बोलले,
"तू दोन वर्साची हुतीस.
चोरीचं चामडं हाय म्हणून उचलला मला. एक रात.
दारातच चपला काढाय लावल्या.
सकाळी म्हणाले, चूक झाली, जा.
बघतोय तर चपला न्हाईत.
माझ्याच हातच्या, कापशी,
करकर अशी की चार घरं आधी कळायचं कोण आलंय.
चांभार अनवाणी आला बघ,
बिंदू चौकातनं पार घरापतोर.
दुकानं उघडत हुती."

आईला ठाऊक होतं का, ते विचारलं नाही.
रापी दगडावर पुन्हा फिरू लागली.

मग त्यांनी मापवही काढली.
गिऱ्हाइकांच्या पायांमध्ये मधूनमधून माझा पाय,
दर जूनचा, पहिलीपासून,
बारावीनंतरची पानं फक्त परक्या पावलांची.
"ठेव पाय."
पेन्सिल टाचेवरून फिरली,
तळव्याच्या खळगीत नेहमीसारखी गुदगुली.
"वाढलाय व्हय?"
"रुंद झालाय. एक सूत. पळून पळून."

एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर.
मी मनातल्या मनात आठातून तीन वजा केले,
उगाचच. पाय आडवा वाढला होता.

"त्या पुस्तकात बघ एवढं," ते म्हणाले,
"माणूस आत घेतल्यावर
त्याच्या चपला कुणी सांभाळायच्या."

मी शेवटची पानं उघडली, सूची.
चकमक.
मग एकदम चारित्र्य पडताळणी.
बोट दोन ओळींच्या मधे ठेवून
बराच वेळ बसले.

रकाना अजून कोराच आहे.
सोमवारी साडेदहाला पहिला तास.
बाबांनी घमेल्यात
चामडं भिजत घातलंय.