संमतीपत्रक

तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प:
कृत्रिम बुद्धिमत्ता आणि नीती.
सर म्हणाले, आधी सह्या आणा.
म्हणून पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये
अल्तमश, केतकी आणि मी,
डोक्याला जाळीच्या टोप्या.

पट्ट्यावरून घड येतात.
कॅमेरा मण्या-मण्याचा फोटो काढतो,
शेवंताबाईंची कात्रीही त्याच फोटोत,
बोटांसकट.

"तुमच्या हातांवरून ते शिकतंय. चालेल ना?"
"शिकू द्या की. सुनेलाबी असंच शिकवलं."
कात्री थांबली.
"पण शिकल्यावर, मी कुठं बसू?"

अल्तमशनं माझ्याकडे पाहिलं,
मी द्राक्षांकडे.
कागदावर चौकोन दोनच,
हो आणि नाही.

एसटीनं ओझर ओलांडल्यावर
केतकीनं मागच्या कोऱ्या बाजूला
बाईंचा प्रश्न लिहिला, जसाच्या तसा.
पेनाला टोपण लावायचं
नाशिक येईपर्यंत तिला सुचलं नाही.