छाट

निवृत्तीला अकरा दिवस राहिलेत
आणि मी उणे ऐंशीचा फ्रीझर रिकामा करतेय.
दुहेरी हातमोज्यांतूनही बोटं बधिरतात.
डबा सात, रांग तिसरी,
माझंच अक्षर, पण शाई पुसलेली.
या कुपीत काय होतं ते आता
ती कुपीसुद्धा सांगणार नाही.

ज्या प्रथिनावर माझी एकतीस वर्षं गेली
त्याचं नाव रास.
अम्माला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा
तिच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
आणि पुढ्यात विड्यांची रास.
"त्यात शिकायचं काय? हजार भरले की उठायचं."
म्हटलं, तेच तर. ही उठत नाही.
पेशीच्या दाराशी निरोप येतो: वाढ.
रास तो आत पोचवते आणि स्वतःला विझवते.
पण बाराव्या जागेवरचा एक मणी बदलला
की विझायचं विसरते,
दाराशी कुणी नसतानाही आत निरोप देत राहते.

अम्माची कात्री थांबली नाही.
"म्हणजे आपली नरसव्वा,
कुणी हाक मारो न मारो, आले, आले."
पुढे वर्गात मी हेच उदाहरण दिलं,
नरसव्वाचं नाव न घेता.
पोरं हसायची. पेपरात बरोबर लिहायची.

पहिला शोधनिबंध परत आला
त्या संध्याकाळी घरी गेले, विडी घरकुलात.
"छाट?" अम्माने तोंड बघूनच विचारलं.
कारखान्यातला चेकर हजारातल्या साठ-सत्तर
बाजूला काढायचा: पान फाटकं, तोंड सैल.
त्यांचे पैसे नाहीत, आणि विड्याही परत नाहीत.
"तुझी तरी परत दिली," म्हणाली,
आणि भाकरीवर शेंगाचटणी जरा जास्तच घातली.

मे महिना, चव्वेचाळीस अंश, आठ तास वीज नाही.
तबस्सुम नदाफ, माझी पहिली विद्यार्थिनी,
स्कूटरवर पायांमध्ये बर्फाची लादी धरून
केगावच्या माळावर आली,
गोणपाटातून रस्ताभर पाणी गळत.
निम्म्या पेशी वाचल्या.
अनुदानाच्या अहवालात लादीचा खर्च
कुठल्या रकान्यात घालावा
यावर लेखा विभागाने चार पत्रं पाठवली.

मग ते साठ नमुने आले, तोंडाच्या कर्करोगाचे.
व्यवसाय: विडी. विडी. गृहिणी. विडी.
सवय: मिश्री. मिश्री.
क्रमांक एक्केचाळीस:
स्त्री, चौपन्न, विडी, मिश्री, डावा गाल.
नावं झाकलेली असतात, तसा नियमच आहे,
आणि नियम मीच समितीत बसून लिहिला होता.
पण त्याच वर्षी नरसव्वा
पदराने डावा गाल झाकून बोलायची,
नंतर बोलायचीच नाही.
एक्केचाळीसची पट्टी फिल्मवर
सगळ्यांत काळी उमटली.
मी कुणाला विचारलं नाही.
निबंध छापून आला. चांगल्या ठिकाणी आला.
दोन वर्षं वर्गात ते उदाहरण दिलं नाही,
मग पुन्हा देऊ लागले.

अम्मा आता शहाऐंशीची.
नखांच्या कडेचा तपकिरी रंग अजून जात नाही.
परवा दुपारी, डोळे मिटलेले असताना, म्हणाली,
"साठ वर्षं माझे हात तंबाखूत.
मला का नाही झाला?"
"माहीत नाही, अम्मा."
"एवढं शिकून?"
"एवढं शिकून."
तिला ते उत्तर पटलं असावं. कूस बदलून झोपली.

शुक्रवारी निरोप समारंभ. चादर देतील,
मोराची की कमळाची एवढंच बघायचं.
एक्केचाळीस मी तबस्सुमच्या डब्यात सरकवला,
चिठ्ठीवर क्रमांक पुन्हा लिहून, पेन्सिलीने.
बाकीची रास पिवळ्या पिशवीत.
गाठ मारताना अम्माची पद्धत आठवली,
दोन वेढे, अंगठ्याने दाबून, दोरा दाताने न तोडता.
ती एकच गोष्ट तिने मला
शिकू दिली नव्हती.
चोरून बघितली होती.