दोन असोले नारळ

चिपळूणच्या डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, पोहा.
मी म्हटलं, पोहे चालतात साखरेला?
त्या हसल्या नाहीत. कागदावर लिहून दिलं,
रोज अर्धा तास पोहणे,
गोळीच्या वर, गोळीच्याच अक्षरात.

अठ्ठावीस वर्षं मी तरीच्या तिकीटघरात बसते.
माणशी वीस, दुचाकीचे साठ,
बकरीचे भांडून ठरतील तेवढे.
समोर खाडी, मागे खाडी,
भरतीला खुर्चीखालच्या फळ्यांतून दिसते
तीही खाडीच.
मला पोहता येतं का, हे
लाइफ जॅकेटं मोजायला येणाऱ्या साहेबांनीही
कधी विचारलं नाही.
आमच्याकडे पोरांना पाण्यात ढकलतात,
पोरींना पाण्याला धाडतात.

द्वारकी पालशेतकरीण कालवं काढते.
वय विचारलं तर म्हणते,
कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी लुगडं नेसू लागले होते.
तिने माझे गुडघे बघितले, मग पोट,
मग काही न बोलता
दोन सुके असोले नारळ सुंभाने जोडून
माझ्या कमरेला बांधले,
सात वर्षांच्या पोराला बांधतात तसे.

अंगात लेकीची जुनी सलवार, यांचा शर्ट,
खिशात चुकून राहिलेलं पेन.
अष्टमी. भांगाचं पाणी, उठायला आळसावलेलं,
कमरेइतकं, गार, चिखलाच्या वासाचं.
उताणी पड, द्वारकी म्हणाली.
पडले.
नाकात गेलं, कानात गेलं,
देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं तर तिथेही गेलं.
"अगो, मारतेस काय त्याला?
पाणी म्हणजे फुकटा प्रवासी आहे होय,
दंडाला धरून बाजूला घ्यायला?"

पुढचा महिना सांगण्यासारखा नाही.
खांदे ठणकले, शिंपलीने तळवा कापला,
शेजारणीने यांना विचारलं, घरात काही झालंय का.
एका सकाळी द्वारकीने न विचारता
एक नारळ सोडून घेतला.
आठवडाभर मी तिरकी पोहत होते,
एका कुशीने धीट.
दुसरा मीच सोडला.
घरी आणून सोलला, फोडला,
कुजका निघाला.
इतके दिवस त्याच्या भरवशावर!

आता धक्क्याच्या तिसऱ्या खांबापासून
अब्बासभाईंच्या नांगरलेल्या होडीपर्यंत आणि परत,
ही एक फेरी.
फेरी झाली की मनातल्या मनात एक तिकीट फाडायचं.
सहाव्या तिकिटाला धाप लागते,
आठव्याला मी डॉक्टरीणबाईंना नावं ठेवते,
नवव्याला कधीतरी, रोज नाही,
हात कुणी मारतंय ते कळेनासं होतं.
तोंडाने आत, नाकाने बाहेर.
पाण्यात गुडघे माझे नसतातच,
कुणा परकरातल्या मुलीचे असतात,
पायऱ्या चढताना ती परत मागून घेते.

साखर दोनशे चाळीसची एकशे साठवर आली.
छान, चालू ठेवा, बाई म्हणाल्या.
चालवत नव्हतं म्हणूनच तर आले होते, मी म्हटलं.
या वेळी हसल्या.

काल पहिली तर लवकर आली.
मी अजून होडीपाशी, हातात तिची दोरी.
लाट आली, मला उचललं,
कुणी पाहुणीला पाटावर बसवावं तसं खाली ठेवलं.
नूरमहंमद खलाशी कठड्यावरून ओरडला,
"बाई, तिकीट काढलंत का?"
अख्खी तर हसली. मीही हसले,
थोडी खाडी प्याले.

मग ओल्या केसांनीच खिडकी उघडली.
पाणी टपटपत होतं तिकीटबुकावर,
शिक्क्याची जांभळी शाई पसरत होती.
दप्तरवाली एक मुलगी पन्नासाची नोट देऊन
उरलेले तीस न घेताच उभी.
माझे केस बघितले, पाणी बघितलं,
पुन्हा केस.
मागची रांग कुरकुरायला लागली.
मी म्हटलं, नारळ आण, असोले. दोन.
चांगले नकोत.