गुरुवारची पाळी

गावच्या सॉनात गुरुवार बायकांचा.
नऊ महिने गेले नाही.
आधी टाके, मग केमो, मग नुसतंच
दार आतून लावून बसणं.
रायली फोनवर एवढंच म्हणाली,
"तुझी बादली अजून खुंटीवरच आहे."

आज गेले.
वरच्या फळीवर टॉवेल छातीशी घट्ट धरून बसले.
म्हातारी केर्त्तू म्हणाली, "टॉवेल गुंडाळून
फक्त पर्यटक बसतात."
काढला.

कुणी पाहिलं नाही असं नाही.
पाहिलं, जसं पाहतात
केर्त्तूच्या पोटावरचा जुना व्रण,
हिल्माचे सुजके गुडघे.
आणि सरकून जागा दिली.

रायलीची सहा वर्षांची नात जवळ आली.
"तुझं दुसरं कुठंय?"
"कुओपिओच्या दवाखान्यात ठेवून आले."
"परत देणार नाहीत?"
"नाही."
तिनं विचार केला.
"मग पाणी मी टाकू?"

दगड चरचरले. वाफेनं
कान, मान, खांदे भाजून निघाले.
डावीकडे मात्र काही कळलंच नाही,
तिथली कातडी अजून माझी झालेली नाही.
केर्त्तूनं बर्चची ओली जुडी उचलली,
न विचारता पाठीवर हाणली
पूर्वीइतक्याच जोरानं.
रडू आलं ते त्या 'पूर्वीइतक्याच'चं.

पुढची तपासणी एप्रिलात.
तळ्यावरचा बर्फ तेव्हा आपल्याला पेलेल का,
आत्ता कुणीच सांगत नाही.
महिन्याची पाळी औषधांनी नेली,
ही गुरुवारची तेवढी राहिली.
बादली विसळली,
त्याच खुंटीला अडकवली.