तुम्ही तेच ना?

व्हॅन नाइसच्या सुपरमार्केटात एक बाई
बाबांसमोर ढकलगाडी आडवी घालते.
"तुम्ही तेच ना?"
बाबा टोपी काढतात. "हो. तोच."
"आमच्या चर्चचा पियानो लावायला आला होतात!"
"आता सूर कसे आहेत?" बाबा विचारतात.

मायनॉटहून निघाले तेव्हा ते हॅल्वर स्टोक्का होते,
आजोबांच्या कोठारातली गव्हाची धूळ अजून खोकल्यात.
स्टुडिओतल्या कुणा कारकुनाने नाव छाटलं: हॅल स्टोक.
पुढे श्रेयनामावलीत कधी स्टॉक, कधी स्ट्रोक,
एकदा तर नुसतंच 'शेजारी'.
आईने सगळं हिशेबाच्या वहीत उतरवून ठेवलं:
तारीख, मालिका, धंदा, मानधन,
आणि शेवटच्या रकान्यात, मेले की वाचले.

घोड्यावरून पडून मेले. विहिरीत मेले. विषाने तर
एकाच मंगळवारी दोनदा, दोन वाहिन्यांवर.
पहिल्यांदा मी सात वर्षांची होते,
रडून घर डोक्यावर घेतलं.
बाबा स्वयंपाकघरातून आले, हातात अर्धं सँडविच,
पडद्यावरच्या आपल्या प्रेताशेजारी उकिडवे बसले.
"हे बघ, श्वास घेतोय मी. नीट बघ.
शर्टाचं दुसरं बटण."
बटण हललं. जेमतेम.

काम नसे तेव्हा घरं रंगवत.
टेकडीवरचा नायक युरोपात गेला
की त्याच्या कुत्र्याला फिरवत, आणि कुत्र्याची तारीफ करत,
नायकाविषयी चकार शब्द नाही.
एकदा शिडीखालून घरमालकीण ओरडली, "तुम्ही तेच ना?"
"हो. पण चौकटीला हात लावू नका, ओली आहे."

सगळ्यात जास्त वेळा मात्र डॉक्टर.
तीस वर्षं लोकांना वाईट बातमी देत आले.
आधी चष्मा काढायचा. मग थांबायचं.
मग, "आम्ही प्रयत्नांची शर्थ केली."
नायिकेचा चेहरा मोठा मोठा होत जायचा
आणि चौकटीच्या कडेला उरायचा
बाबांचा खांदा, थोडी मान, एक कान.
तो कान मी हजार कानांत ओळखेन.

बर्बँकच्या इस्पितळात, खऱ्या,
एक पोरगेला डॉक्टर दारातच उभा राहून
फाइलकडे बघत बोलू लागला.
बाबांनी हात वर केला.
"थांब. आधी बस. फाइल मीट.
माझ्याकडे बघ, हिच्याकडे नको, ही रडेल.
चल, पुन्हा. दारापासून."
आणि तो खरंच बाहेर गेला,
टकटक केलं, आत आला, खुर्ची ओढली,
आणि या वेळी नीट सांगितलं त्याने.
"टेक ओके," बाबा म्हणाले,
मग बराच वेळ खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत राहिले.

त्या सोमवारी पहाटे मी
दुसरं बटण शोधत होते.
इस्पितळाच्या झग्याला बटणं नसतात.

पुनःप्रक्षेपणाचे चेक अजून येतात.
गेल्या महिन्यात चौदा सेंट,
पाकिटावरचं तिकीट त्याहून महाग.

परवा बेकर्सफील्डच्या मोटेलात झोप येईना, टीव्ही लावला.
काळ्यापांढऱ्या लॉबीत बाबा,
माझ्याहून वीस वर्षांनी लहान,
नायकापुढे रजिस्टर सरकवतायत:
"नाव लिहा इथे. दुसरा मजला, डावीकडे."
नायक सही करून जिना चढतो, कॅमेरा त्याच्या मागे.
पण कॅमेरा वळायच्या आत, क्षणभर,
बाबा रजिस्टर आपल्याकडे फिरवतात
आणि ते नाव वाचतात, बोट ठेवून,
अक्षर न् अक्षर.

संहितेत हे नाही.
संहिता माझ्याकडे आहे.