नऊ पडदे, एक गलबत

सूरच्या जुन्या गोदीशेजारी शाळेच्या वर्गाएवढं दालन,
भिंतीवर नऊ पडदे, खांद्याला खांदा लावून,
आणि खल्फान म्हणाला, मुहंदिसा, मला एवढंच हवंय:
डावीकडून गलबत यावं, उजवीकडे जावं,
मधे कुठे मोडू नये.

एवढंच.

म्हणून मी मस्कतला, रुवीत, दुकानं दुपारची मिटण्याआधी,
जेठवांच्या काउंटरशी, हातात दोन कोटेशनं.
पहिल्यात एकच मोठं यंत्र, तीन ग्राफिक्स कार्डं,
त्या तिघांना एका ठेक्यात बांधणारं चौथं कार्ड.
त्याची किंमत सांगताना जेठवांचाही आवाज खाली आला.
दुसऱ्यात नऊ डबे, जेवणाच्या डब्याहून लहान,
पंखा नाही, आवाज नाही, ज्याचा त्याचा पडदा.
आणि वेळ?
वेळ ते आपसात विचारून घेतील, नेटवर्कवरून.

आपसात विचारून घेतील!
इचलकरंजीच्या कुठल्याही जॉबरला हे सांगून बघा.

तरी डबेच आणले आधी. स्वस्त होते.
नऊ उसने मॉनिटर फ्लॅटच्या फरशीवर मांडले,
रोनेलने वायरी ओढल्या, गलबत सोडलं.
अकराला ठीक. बाराला ठीक.
तीनच्या पुढे कधीतरी
नाळ पाचव्या पडद्यात शिरली
आणि चौथ्यातलं शीड जरासं मागे राहिलं.
सेकंदाचे पंचवीस तुकडे करा, त्यातला एक.
रोनेल म्हणाला, कोणाला दिसणार आहे?

मला दिसलं.
ज्या घरात जेवताना ताटावर दिवा कमी
आणि कापडावर जास्त असायचा,
तिथल्या मुलीला तुटका धागा दिसतोच.

तिकडे पाच वाजून गेलेले. बाबा उठलेलेच होते.
म्हणाले, पूर्वी शेडमध्ये छताखाली एक शाफ्ट असायचा,
त्याच्या पट्ट्यांवर सगळे माग.
शाफ्ट मोडला की अख्खी शेड मुकी.
मग मागामागाला मोटर आली. बरं झालं.
एक बिघडला तर बाकीचे चालू.
पण ठेका गेला बघ.
मग काय घेऊ?
चहा उतू जातोय, म्हणाले, आणि फोन ठेवला.

मोठं यंत्र घेतलं. सूरला नेलं.
दुपारी एक ते चार दालनातला एसी बंद असतो,
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.
खल्फानचा काका आला, साठ वर्षं फळ्या तासलेला माणूस,
यंत्राच्या पत्र्यावर त्यानं तळवा ठेवला,
आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
ताप आहे, म्हणाला. वारा कुठून येतो याला?
पुढून घेतं, मी म्हटलं, मागून सोडतं.
तो वाकला, भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
माझ्या नकाशात कपाट भिंतीला टेकलेलं होतं.

दोन वीत पुढे ओढलं. एसीचं कुलूप काढून घेतलं.
आणखी एक तसंच यंत्र मागवलं, राखीव.
न चालणाऱ्या यंत्राचे पैसे का द्यायचे? खल्फान चिडला.
काका नुसतं म्हणाला, दुसरं शीड आपण कशाला न्यायचो?
सही झाली.

पडद्यापडद्यांमधला काळा काठ सतरा मिलिमीटर.
चित्रातही तेवढंच लपवलं मी,
म्हणजे गलबत काठावरून उडी मारत नाही,
खांबामागून जावं तसं जातं.

शुक्रवारी सगळे जमले. दिवे मालवले.
गलबत निघालं, एक, दोन, तीन, चार
(इथे मी श्वास धरला)
पाच, आणि पुढे, अखंड,
नवव्यातून भिंतीबाहेर.

कोणी टाळ्या वाजवल्या.
काकाने नाही. तो जवळ गेला, परत सोडायला लावलं,
शिडाखाली बोट धरून चालत राहिला शेवटच्या पडद्यापर्यंत.

वारा इकडून दाखवलाय, म्हणाला,
आणि शीड तिकडचं फुगलंय.

खल्फानने माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेरावाल्याकडे.
फिल्म बदलावी लागेल.
यंत्र तेच राहील.