ठराव नववा

निधीच्या पेटीत एकेचाळीस हजार तीनशे.
एकशे बारा बायांचे महिन्याचे वीस-वीस.
वही माझ्याकडे, किल्ली कौतिकाकडे,
अन् सभा मामा तलावाच्या पाळीवर,
कारण समाजमंदिरात धानाची पोती.

आठ ठराव तासाभरात उरकले.
नवव्याशी गाडं अडलं.
आचल मारबते, वय तेरा,
दातांना तार लावणे,
भंडाऱ्याच्या डॉक्टरचा अंदाज अठ्ठावीस हजार, दीड वर्ष.
अर्जात एक रकाना आहे, आजाराचं नाव.
तिच्या आईनं लिहिलंय, दात.
नुसतं दात.

निर्गुणाबाई म्हणाल्या, हा काय आजार होय जी?
हे तं शोभेचं काम.
उद्या कोनी म्हनंल, माहं नाक बसकं हाय.
अन् रोवण्यात साप डसला एखादीले,
तं तिच्या हातात तार देसान का?

खोटं नव्हतं त्यांचं.
त्यांच्याच सुनेला रात्री नागपूरला न्यायला
हीच पेटी धावली होती.
पेटी रिकामी असती तर,
हे वाक्य त्या अजून पुरं करत नाहीत.

देवांगना उठली, बसली, पुन्हा उठली.
पोरीचा वरचा सुळा ओठ कापते, म्हणाली,
सकाळी उशीवर रगत असते.
रगत आलं म्हंजे तं आजार झाला ना?

मागून कोणी बोललं, कापते तं काढून टाका.
काढाले किती?
चारशे.
चारशे तं नियमात बसतात.

मी नियमांचं पान उघडलं. बसत होते.

मग मागची पानं चाळत राहिले,
उगाच, हात रिकामे नकोत म्हणून.
गर्भपिशवी काढणे, मंजूर.
गर्भपिशवी काढणे, मंजूर.
थ्रेशरमध्ये गेलेलं बोट काढणे, मंजूर.
चष्मा, नामंजूर.
कमरेचा पट्टा, नामंजूर.
गर्भपिशवी काढणे.
दहा वर्षं, माझंच अक्षर.
काही काढून टाकायचं असलं
की कुलूप लवकर उघडलंय.

हे मी बोलले नाही.
लेखनिकानं लिहायचं असतं.

कोणी उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली फिरवली.
बाया पुढच्या दातांनी टरफलं फोडू लागल्या,
कट्, कट्,
काळी सालं ओटीत.
आचल आईच्या पाठीआड,
मान तिरपी करून, शिंगाडा पार दाढेशी सारून,
अर्धा सालासकट चावत होती.
निर्गुणाबाईंनी पाहिलं.
त्या पाहताहेत, ते मी पाहिलं.

तुले पाह्यजे का वं तार?

पोरगी म्हणाली,
मले कुठं दिसतात माहे दात, आजी,
तुमालेच दिसतात.

सगळ्या हसल्या,
अन् हसता हसता निम्मे पदर तोंडाशी गेले.
माझा एक हात पेनात गुंतलेला,
मी वही धरली तोंडासमोर.
लग्नाच्या फोटोतही मी ओठ मिटूनच आहे.
फोटोवाला म्हणाला होता, ताई, असंच छान दिसतं.

मत काही पडलं नाही.
डास उठले, तलाव काळा झाला,
कौतिकानं किल्ली कमरेला खोचली.
येत्या मंगळवारी पाहू.

निघताना निर्गुणाबाई थांबल्या.
तोंडात उरलेल्या पाच-सहा दातांनी
चार शिंगाडे सोलले,
पोरीच्या तळहातावर ठेवले,
अन् मला विचारलं,
दीड वर्साचे महिने किती होतेत वं?
अठरा, मी म्हटलं.
बरं, म्हणाल्या, अन् पाळीवरून उतरल्या.

भागाकार त्यांनी सांगितला नव्हता.
रात्री मीच मांडला.
महिन्याला पंधराशे पंचावन्न अन् वर काही पैसे.
जमतात बावीसशे चाळीस.
साप अन् साऱ्या साऱ्यासाठी उरतात सहाशे पंच्याऐंशी.
पुरे आहेत, असं नाही म्हणत मी.

आचलच्या अर्जावर ‘दात’च्या पुढं
बोटभर जागा कोरी होती.
शिसपेन्सिलनं लिहून पाहिलं,
राखणे.
खोडरबर उशाशी ठेवलं, दिवा मालवला.